रेंडरिंग : गिलावा की भाषांतर?

१. शब्दाचा विचार

अद्याप उभ्या न राहिलेल्या इमारतीचे बाहेरून दिसणारे रूप दाखविणाऱ्या चित्रास वास्तुव्यवसायात 'रेंडरिंग' असे म्हणतात. पूर्वी ही चित्रे जलरंगांनी अथवा कोळशाने काढीत. आज ती बहुतेक संगणकावर तयार होतात. इमारतीचा पाया खणला जाण्यापूर्वीच ती स्पर्धेच्या परीक्षकांपुढे, नगररचनेच्या समितीपुढे आणि घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबापुढे ठेवली जातात, व त्यांच्या आधारे मोठमोठे निर्णय होतात. त्यामुळे 'हे चित्र अधिक चांगले कसे दिसेल?' हा प्रश्न केवळ चित्रकलेचा उरत नाही. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे याचे कारण असे की, हे चित्र एक चिन्ह आहे. ते कोणाला तरी कशाविषयी तरी काही सांगते; आणि जे सांगितले जाते त्याबाबत खऱ्याखोट्याचा प्रश्न विचारता येतो.

प्रथम शब्दच पाहू. इंग्रजीतील 'रेंडर' हे क्रियापद फ्रेंच 'रांद्र'मधून व ते लॅटिन 'रेद्देरे' या धातूपासून आले आहे. मूळ अर्थ 'परत देणे'. या एका क्रियापदाचे इंग्रजीत अनेक अर्थ झाले. एका भाषेतील मजकूर दुसरीत आणणे म्हणजे 'रेंडर' करणे. गायकाने चीज सादर करणे म्हणजेही 'रेंडर' करणे. आणि गवंड्याने विटांच्या भिंतीवर गिलाव्याचा थर चढविणे म्हणजेही 'रेंडर' करणेच. पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेत विद्यार्थ्याच्या अंतिम, छायाप्रकाशासह पूर्ण केलेल्या आराखड्यास 'रांद्यू' म्हणत. वास्तुचित्राला लागू झालेला अर्थ हा असा.

या अर्थांपैकी दोन अर्थ प्रस्तुत विवेचनास उपयोगी आहेत : भाषांतर आणि गिलावा. भाषांतरकार मुळाशी बांधलेला असतो. मुळात जे आहे ते नव्या माध्यमात परत द्यावयाचे, ही त्याची जबाबदारी. गिलाव्याचे काम निराळे. विटांची जुळणी ओबडधोबड असली तरी वरून सारे गुळगुळीत दिसावे, यासाठी तो असतो. वास्तुचित्र सुधारण्याचे जे उपाय सामान्यतः सांगितले जातात, ते बहुतेक गिलाव्याच्या जातीचे आहेत : आकाश अधिक निळे करावे, झाडे वाढवावीत, काचा चमकवाव्यात, हिरवळ पसरावी. या लेखाचे प्रतिपादन असे की, बाह्यदर्शनाचे चित्र ज्या दोषांमुळे कृत्रिम वाटते, ते दोष बहुधा स्थळ, काळ आणि पदार्थ यांविषयीच्या असत्य विधानांचे असतात. म्हणून चित्र सुधारण्याचा पहिला मार्ग ही असत्ये दूर करण्याचा आहे. त्यानंतर चित्रातील कोणता भाग निश्चित व कोणता कल्पित, हे सांगण्याची सोय केली पाहिजे.

२. छायेचा संकेत

इटलीतील लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने पंधराव्या शतकात लिहिलेल्या, व १४८५ मध्ये छापल्या गेलेल्या, वास्तुकलेवरील ग्रंथात चित्रकार आणि वास्तुकार यांच्या रेखाटनांत एक भेद केला आहे. चित्रकार छायेच्या साहाय्याने उठाव दाखवितो. वास्तुकाराने मात्र छायेचा आश्रय न घेता खरी मापे आणि रेषा यांवर भिस्त ठेवावी, असा त्याचा अभिप्राय. आकर्षक रंगकाम पाहणाऱ्याचे लक्ष मोजमापावरून उडविते, हे त्याने ओळखले होते.

पुढे 'बोझार' परंपरेने या अडचणीतून एक मार्ग काढला. दर्शनी आराखड्यात, ज्यास आपल्याकडील व्यवसायात 'एलिव्हेशन' म्हणतात, प्रकाश नेहमी डाव्या बाजूने, वरून आणि समोरून घनाच्या कर्णाच्या दिशेने येतो असे मानावयाचे. असे मानले की प्रकाशकिरण आराखड्यावर ४५ अंशांनी उतरतो, आणि भिंतीतून जो भाग जेवढा पुढे आला असेल तेवढीच रुंद त्याची सावली भिंतीवर पडते. कार्निस एक हात पुढे असेल तर सावली एक हात. म्हणजे ही छाया चित्राला शोभा देत असतानाच मापही सांगे. सपाट कागदावर तिसरे परिमाण वाचता येई. कोणत्याही गावी, कोणत्याही वेळी सूर्य नेमका असाच असेल असा तिचा दावा नव्हता. पाहणाऱ्यासही ते ठाऊक असे.

भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ही छाया संकेतरूप होती. चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले : साम्यामुळे अर्थ देणारे सादृश्यचिन्ह, कार्यकारणसंबंधामुळे अर्थ देणारे निर्देशचिन्ह, आणि रूढीमुळे अर्थ देणारा संकेत. व्यक्तिचित्र हे पहिल्याचे उदाहरण, धुरावरून अग्नी हे दुसऱ्याचे, आणि शब्द हे तिसऱ्याचे. छायाचित्रात पहिले दोन्ही प्रकार एकत्र येतात : ते वस्तूसारखे दिसते, आणि वस्तूवरून आलेल्या प्रकाशानेच ते घडलेले असते. म्हणूनच छायाचित्राला साक्षीचे मोल आहे. आजचे संगणकीय वास्तुचित्र दिसते हुबेहूब छायाचित्रासारखे. परंतु ज्या इमारतीवरून प्रकाश यावयाचा ती इमारतच अस्तित्वात नसते. निर्देशचिन्हाचा अधिकार त्याने उसना घेतलेला असतो. हा उसना अधिकार कोणत्या अटींवर समर्थनीय ठरतो, हा खरा प्रश्न आहे.

३. सूर्य आणि आकाश

पहिली अट प्रकाशाची. उघड्यावरील दृश्यात प्रकाशाची दोन उगमस्थाने असतात : सूर्य आणि आकाश. सूर्याचा प्रकाश एका दिशेने येतो व किंचित पिवळसर असतो. आकाशाचा सर्व बाजूंनी येतो व निळसर असतो. सावलीत सूर्य दिसत नसला तरी आकाश दिसतच असते. म्हणून निरभ्र दिवशी पांढऱ्या भिंतीवरील सावली काळी नसून निळसर असते, आणि जमिनीच्या जवळ तिच्यात मातीचा तांबूस परावर्तित प्रकाश मिसळतो. स्वच्छ दुपारी उघड्या जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. त्याच वेळी मोकळ्या सावलीत सामान्यतः त्याचा दहावा ते पाचवा हिस्सा असतो. ज्या चित्रात सावल्या सर्वत्र एकाच राखाडी रंगाच्या व एकाच गडदपणाच्या असतात, ते पाहताच खोटे वाटते. का वाटते ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, एवढेच.

सावलीच्या कडेचीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. सूर्य हा बिंदू नाही. पृथ्वीवरून त्याचा व्यास सुमारे अर्धा अंश दिसतो. त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून दूर जावी तशी पसरत जाते. हा पसारा अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतका असतो : १ मीटर अंतरावर सुमारे ९ मिलिमीटर, तर १० मीटर अंतरावर सुमारे ९ सेंटिमीटर. खिडकीच्या गजाची तावदानावरील सावली रेखीव असावी, आणि चौथ्या मजल्याच्या कठड्याची अंगणातील सावली मऊ असावी, हे यावरून ठरते. सर्व कडा सारख्याच धारदार असल्या की इमारत पुठ्ठ्याची वाटू लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा सूर्य कोठे आहे हा होय. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. येथे २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंच असतो; वर्षातील कोणत्याही मध्यान्ही तो याहून खाली नसतो. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या अखेरीस तो डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात मध्यान्ही तो उत्तरेकडे झुकलेला असतो. लंडनमध्ये डिसेंबरातील मध्यान्हीची उंची सुमारे १५ अंश, तर जूनमधील सुमारे ६२ अंश असते. म्हणजे लांब, आडव्या सावल्यांचे जे दुपारचे दृश्य युरोपीय चित्रसंग्रहांतून उचलले जाते, ते दख्खनच्या दुपारी कधीच दिसत नाही. येथे लांब सावली हवी असेल तर वेळ सकाळची किंवा सायंकाळची घ्यावयास हवी, आणि मग कोणती भिंत उन्हात येईल हे दिशेने ठरते, चित्रकाराच्या इच्छेने नव्हे. मुंबईचे 'गेट वे ऑफ इंडिया' घ्या. समुद्र त्याच्या पूर्वेच्या अंगास आहे. त्याची समुद्राकडील बाजू मावळत्या सूर्याने सोनेरी झालेली कोणी रंगविली, तर चित्र कितीही मोहक असो, ते भूगोलाशी विसंगत ठरेल.

एक साधे उदाहरण करून पाहण्याजोगे आहे. पुण्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीतून ६० सेंटिमीटर पुढे आलेला सलग छज्जा आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही त्याची सावली भिंतीवर सुमारे ६७ सेंटिमीटर उतरेल. खिडकीच्या खालच्या भागात ऊन शिरेल. मार्च अथवा सप्टेंबरमधील विषुवदिनी सूर्य सुमारे ७१.५ अंशांवर असेल व सावली सुमारे १ मीटर ७९ सेंटिमीटर उतरून नेहमीच्या उंचीची खिडकी पूर्ण झाकेल. २१ जूनच्या मध्यान्ही त्या भिंतीवर ऊन पडणारच नाही. पडेल ते उत्तरेच्या भिंतीवर. एकाच छज्ज्याची ही तीन चित्रे आहेत. तीनही खरी असू शकतात, आणि ती शेजारी ठेवली तर छज्जा का घातला हे ती न बोलता सांगतात. 'बोझार'च्या छायेने जे काम संकेताने केले, ते काम येथे खरा सूर्य करतो : छाया पुन्हा वाचनीय होते.

४. पदार्थाचे सत्य

दुसरी अट पदार्थाची. नवशिका मनुष्य पांढरी भिंत शक्य तितकी पांढरी करतो. वस्तुतः ताज्या चुन्याचा पांढरा हातही अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्केच परत देतो, आणि वापरलेली भिंत त्याहून कमी. भिंत शंभर टक्के परावर्तक मानली की चित्रात प्रकाशाचा हिशेब बिघडतो. कोपरे उजळतात, खोली नाहीशी होते. काळा पाषाणही तसाच : तो निव्वळ काळा नसतो, त्यात राखाडी, हिरवट, कोठे तांबूस अशा छटा असतात, आणि पावसात भिजला की तो गडद होतो व आकाशाचे प्रतिबिंब धरतो.

काचेबाबत सर्वाधिक घोटाळा होतो. काचेच्या एका पृष्ठावर प्रकाश सरळ पडला तर सुमारे ४ टक्के परावर्तित होतो, म्हणजे तावदानाच्या दोन पृष्ठांवरून मिळून सुमारे ८ टक्के. परंतु किरण जसा तिरका होतो तसे परावर्तन वाढते. लंबापासून ८० अंशांच्या तिरकसपणावर एकाच पृष्ठावरून ते ४० टक्क्यांच्या जवळ जाते. फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. याचा दृश्य परिणाम असा की, समोरच्या खिडकीतून आतले काहीसे दिसते, तर रस्त्याच्या कडेने दूर जाणाऱ्या खिडक्यांत केवळ आकाश दिसते. शिवाय खोलीत काही शेकडा लक्स प्रकाश असताना बाहेर हजारो असतो. म्हणून दिवसा बाहेरून पाहता काचेचा जो भाग परावर्तन करीत नाही तो गडद दिसतो. भर उन्हात सर्व खिडक्या आतून पिवळ्या तेजाने उजळलेल्या दाखविणे म्हणजे एकाच वाक्यात दिवस आणि रात्र दोन्ही असल्याचे सांगणे होय. तो उजेड हवा असेल तर संधिप्रकाशाची वेळ घ्यावी; तेव्हा बाहेरचा व आतला प्रकाश काही मिनिटे खरोखरच तुल्यबळ होतात.

आणखी दोन बारकावे सांगून पुढे जाऊ. एक, कोणतीही खरी कड पूर्ण धारदार नसते. गिलाव्याचा कोपरा किंवा लाकडाची धार काही मिलिमीटर तरी गोलसर असते व तेथे प्रकाशाची बारीक रेघ उमटते. ती नसली की वस्तूला वजन येत नाही. दोन, विटांच्या अथवा दगडाच्या पोताचा एकच तुकडा पुनःपुन्हा जोडून भिंत भरली, तर डोळा त्यातील आवृत्ती तत्काळ पकडतो; भाषेतही ठरावीक वाक्यांश वारंवार आला की तो पाठांतराचा आहे हे ऐकणाऱ्यास कळते, तसेच हे.

पदार्थाला काळही असतो. कोकणात अथवा घाटमाथ्यावर जी इमारत उभी राहावयाची, तिच्या कठड्याखाली दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ उतरणार, उत्तरेच्या सावलीत शेवाळ धरणार. मोस्ताफावी आणि लेदरबॅरो यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ऋतुमानाने होणारी झीज हा इमारतीच्या घडणीचाच एक भाग मानला आहे. वास्तुचित्रात मात्र इमारत सदैव उद्घाटनाच्या सकाळी उभी असते. तिला पाच वर्षांनंतरची दाखविण्याचा एक प्रयत्न केला, तर पाणपट्टी कोठे हवी हे संकल्पकालाच समजेल. येथे सत्याच्या आग्रहाने चित्र तर सुधारतेच, पण इमारतही सुधारते.

५. पाहणाऱ्याचे स्थान

प्रत्येक उक्तीमागे वक्ता कोठे उभा आहे हे गृहीत असते; 'येथे' आणि 'तेथे' यांचे अर्थ त्यावरून ठरतात. चित्रातही तसेच. उभ्या मनुष्याचा डोळा जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असतो. चित्राचे क्षितिज या उंचीवर घेतले, तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, साधारण सारख्याच उंचीच्या सर्व माणसांचे डोळे, जवळची असोत वा दूरची, क्षितिजरेषेवरच येतात. चित्रात माणसे घालताना हा नियम पाळला नाही की काही माणसे खड्ड्यात तर काही चौथऱ्यावर उभी असल्यासारखी दिसतात, आणि इमारतीचे मापच संशयास्पद होते. उभ्या रेषा उभ्याच ठेवणे, हाही असाच जुना व सार्थ नियम आहे : मान वर करून पाहिल्यासारख्या त्या वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकल्या की इमारत मागे कलल्यासारखी वाटते.

नीतीचा प्रश्न पाहणाऱ्याच्या अंतरापाशी येतो. समोरचा रस्ता १२ मीटर रुंद असेल आणि पलीकडे दुसरी इमारत उभी असेल, तर ६० मीटर अंतरावरून दिसणारे दृश्य कोणाही माणसाच्या डोळ्याला कधीच दिसणार नाही. ते दाखविण्यासाठी समोरची इमारत पुसून टाकावी लागते. किंवा अतिविस्तृत कोन घेऊन जवळूनच पाहावे लागते. मग अंगण मैदानासारखे पसरते व दोन मोटारींच्या जागेत सहा मावतील असे वाटते. शेजार पुसणे, विजेच्या तारा पुसणे, आणि त्या जागी हिरवळ व परदेशी वृक्ष आणणे ही आपल्याकडील जाहिरातचित्रांत नित्याची गोष्ट झाली आहे. कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर यांच्या सावलीचा पोत निराळा, ताडवर्गीय झाडांचा निराळा. जे झाड तेथे आहे ते दाखविल्याने चित्राला स्थळ मिळते. जे लावावयाचे आहे ते पंचवीस वर्षांच्या विस्तारासह दाखविले तर चित्रात दोन काळ एकत्र येतात : इमारत आजची आणि झाड पुढच्या पिढीचे.

६. गणिताचे साहाय्य

या अटी पूर्वी अनुभवाने व हाताने पाळाव्या लागत. संगणकाने त्यांतील बराच भाग गणिताच्या स्वाधीन केला. १९७१ मध्ये आंरी गूरो व १९७५ मध्ये बुइ तुआँग फाँग यांनी युटा विद्यापीठातील कामातून पृष्ठांवरील छटांचे हिशेब मांडले. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी डोळ्यापासून उलट दिशेने किरण सोडून परावर्तन, अपवर्तन व छाया मोजण्याची रीत दिली. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी एका भिंतीवरून दुसरीवर जाणारा मंद प्रकाश हिशेबात घेतला. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या सर्वांना सामावून घेणारे समीकरण मांडले. त्याचा आशय शब्दांत असा : एखाद्या बिंदूपासून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश, अधिक सर्व दिशांनी त्याच्यावर पडून तेथून परतणारा प्रकाश. पण त्याच्यावर पडणारा प्रकाशही दुसऱ्या बिंदूंवरून परतलेलाच असतो. म्हणून प्रत्येक बिंदूचे उत्तर इतर सर्व बिंदूंच्या उत्तरांवर अवलंबून राहते. वाक्यातील शब्दाचा अर्थ संदर्भावर आणि संदर्भ पुन्हा शब्दांवर अवलंबून असतो, त्यासारखीच ही परस्परावलंबी व्यवस्था आहे.

या गणिताचे महत्त्व चिन्हमीमांसेच्या दृष्टीने मोठे आहे. सूर्याचे स्थान, भिंतीचे परावर्तन व इमारतीची मापे खरी दिली, तर निघणारी छाया हे भाकीत असते : इमारत बांधली आणि त्या दिवशी त्या वेळी तेथे उभे राहिले, तर छाया अशीच पडेल. भाकीत तपासता येते, म्हणून ते खरेखोटे ठरू शकते. उसन्या अधिकाराची परतफेड या मार्गाने होते. मात्र आदाने खोटी असली तर उत्तम गणितही खोटेच चित्र देते, आणि तेही अधिक पटणारे.

गणितानंतरही एक पायरी उरते. ऊन व सावली यांमधील खरा भेद कागदावर किंवा पडद्यावर मावत नाही. तो दाबून बसवावा लागतो. पडद्यासाठी साठविलेले आकडेही प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात : प्रचलित मानकानुसार अर्ध्या मूल्याचा आकडा म्हणजे पूर्ण प्रकाशाचा सुमारे २१ टक्के भाग होय. हे न जाणता छटा जुळविल्या की सावल्या कोळशासारख्या आणि उजळ भाग करपल्यासारखे होतात. येथे चित्रकाराच्या नजरेला काम आहे; पण ते भाषांतरकाराचे काम आहे, कारण एका विस्ताराच्या छटा दुसऱ्या लहान विस्तारात परस्परसंबंध राखून आणावयाच्या असतात.

२०२२ पासून शब्दांच्या वर्णनावरून चित्र निर्माण करणाऱ्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या आहेत. त्या अशा छायेचा हिशेब करीत नाहीत. पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून शोभेलशी छाया घालतात. त्यांचे चित्र ओघवते असते, पण त्यास विशिष्ट जागेचा आधार नसतो. प्रारंभिक कल्पना सुचविण्यास त्यांचा उपयोग व्हावा. परंतु अशा चित्रातील सावलीवरून अंगणात ऊन येईल की नाही हे ठरविता येत नाही.

७. चित्राला अर्थ किती?

मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपावरून कळणाऱ्या बोलणाऱ्याच्या भूमिकेस 'अर्थ' म्हणतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'येथे झाड आहे', 'येथे झाड लाव', 'येथे झाड असावे', 'जागा असती तर झाड लावले असते'. शब्दभाषेत हे भेद एका प्रत्ययाने होतात. चित्राला ही सोय नाही. सोल वर्थ यांनी १९७५ मधील एका निबंधात दाखविल्याप्रमाणे चित्राला नकारही करता येत नाही. चित्रात झाड काढले की 'झाड आहे' एवढेच तेथे उमटते. 'असावे', 'बहुधा असेल', 'आमच्या करारात नाही' हे त्यात येत नाही. आणि चित्र छायाचित्रासारखे जितके अधिक, तितका हा स्वार्थ ठाम.

जुन्या चित्रकारांपाशी याचा एक उपाय होता : हाताची शैली. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये उंच इमारतींनी वर जाताना मागे सरावे असा नियम केला. त्याचा परिणाम काय होईल हे ह्यू फेरिस याने १९२२ मध्ये हार्वे विली कॉर्बेट याच्या सहकार्याने कोळशाच्या चित्रमालेत दाखविले : प्रथम नियमाने मुभा दिलेला प्रचंड, अघड आकार, मग टप्प्याटप्प्याने घडत जाणारी इमारत. १९२९ मध्ये ती चित्रे त्याच्या ग्रंथात आली. धुरकट कोळशाकडे पाहून कोणी 'ही इमारत आहे' असे म्हणत नाही. 'नियम असा, तर आकार असा होईल' हेच वाचले जाते. कोळसा हाच तेथे संकेतार्थाचा प्रत्यय होता. संगणकाच्या सफाईने तो प्रत्यय पुसला गेला.

याचे व्यावहारिक परिणाम गंभीर आहेत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ अन्वये, जाहिरातीतील अथवा माहितीपत्रकातील माहितीवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली व त्यातील चुकीच्या, खोट्या विधानामुळे त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने त्याची भरपाई करावी, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात या अधिनियमाखालील प्राधिकरण २०१७ पासून कार्य करीत आहे. 'विधान' हा शब्द येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. चित्र विधान करू शकते काय? वरील विवेचनावरून उत्तर असे निघते : जेथे चित्रातील घटक मोजता व तपासता येतो, म्हणजे उंची, अंतर, दिशा, छाया, शेजार, तेथे ते विधानच करते. ज्या कुटुंबाने बाल्कनीतील सकाळचे ऊन चित्रात पाहून आयुष्याची शिल्लक गुंतविली, त्याच्या दृष्टीने ते ऊन हे वचन होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कलावंताची कल्पना' असे छापल्याने ठाम स्वार्थ विध्यर्थात बदलत नाही. कारण कोणता भाग कल्पना आणि कोणता प्रतिज्ञा, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.

८. सूचना

हा भेद दाखविण्याची रीत आपल्या विद्यापरंपरेत उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, संहितेचा जो भाग निःसंशय नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली आहे. संपादकाने वाचकास अखंड, वाचनीय संहिता दिली आणि त्याच वेळी निश्चिततेची मर्यादाही डोळ्यांपुढे ठेवली. नागमोडी रेघेने महाभारताची गोडी कमी झाली नाही, आणि संपादकावरचा विश्वास वाढला.

वास्तुचित्रासही अशी नागमोडी रेघ हवी. जे बांधले जाणार हे निश्चित, ते पूर्ण पदार्थासह व मोजलेल्या प्रकाशात दाखवावे. जे प्रस्तावाबाहेरचे किंवा अनिश्चित, म्हणजे पुढे वाढणारी झाडे, संभाव्य बाग, नियोजित रस्ता, ते हलक्या रेषेत ठेवावे. शेजारच्या खऱ्या इमारती साध्या रंगात का होईना, पण ठेवाव्यात. चित्राखाली एक ओळ असावी : स्थळ, दिनांक, वेळ, डोळ्याची उंची, पाहण्याचे अंतर आणि दृष्टिकोनाचे अंश. ही ओळ लिहावी लागली की पुष्कळशी असत्ये लिहिण्यापूर्वीच गळून पडतील. कारण 'मध्यान्ह, २१ जून' असे लिहून दक्षिणेच्या भिंतीवर ऊन दाखविणे कोणासही अवघड जाईल.

असे केल्याने चित्र रुक्ष होईल, ही भीती अनाठायी आहे. खऱ्या उन्हाची उतरती सावली, निळसर छाया, पाषाणाची भिजकी झाक, समोरच्या कडुनिंबाची जाळी आणि योग्य उंचीवर उभी असलेली माणसे यांतून जे रूप उभे राहते, ते कोणत्याही उसन्या आकाशाहून अधिक पटते. आणि इमारत उभी राहिल्यावर तिच्याशी ताडून पाहता येते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने आपल्या पुढील चित्राखाली ती एक ओळ लिहून पाहावी, व भाषेच्या विद्यार्थ्याने रस्त्यावरील पुढच्या जाहिरातफलकापाशी थांबून त्यातील क्रियापद कोणत्या अर्थाचे आहे हे शोधून पाहावे. दोघांच्या अभ्यासाचा विषय एकच असल्याचे त्यांस आढळून येईल.